बाहेर काढा, मग कामाला लागा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे आणि बेदाण्याचे सौदे आटोपले, की पेढ्यांवरचे दिवाणजी संगणकापुढे बसतात. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हिशेबाचा मोठा भाग चोपडीतून एक्सेलच्या तक्त्यांत गेला. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावा लागतो. त्यासाठी सरकारी पोर्टलवर एक मोफत ऑफलाइन टूल ठेवलेले आहे. ते डाउनलोड केले, की हाती येते एक झिप फाइल.

नवखा माणूस तिच्यावर दोनदा क्लिक करतो. फोल्डर उघडावे तशी खिडकी उघडते. आत प्रोग्रॅम, एक्सेलचा नमुना तक्ता, माहितीपुस्तिका असे सगळे दिसते. तो थेट त्या तक्त्यावर क्लिक करतो आणि बिले भरू लागतो. तासाभराने सेव्ह करायला गेल्यावर कळते, की तक्ता फक्त वाचण्यापुरता उघडला आहे. कधी तो सेव्ह होतोसुद्धा, पण दुसऱ्या दिवशी कुठेच सापडत नाही. आतल्या प्रोग्रॅमवर क्लिक करावे, तर 'अमुक फाइल मिळत नाही' असे सांगून तो बंद पडतो. मग फाइलच खराब आहे असे ठरते, पुन्हा डाउनलोड होते, नाहीतर झिप उघडण्यासाठी इंटरनेटवर दिसेल ते सॉफ्टवेअर संगणकात घातले जाते.

फाइल धडधाकट असते. ती अजून बाहेर काढलेली नसते, इतकेच. विंडोज झिप फाइलचा मजकूर नुसता दाखवते; आतल्या एखाद्या वस्तूवर क्लिक केले, की तेवढ्या एकाच वस्तूची प्रत एका तात्पुरत्या फोल्डरात काढून उघडते. प्रोग्रॅमला लागणाऱ्या सोबतच्या फाइली आतच राहतात, म्हणून तो अडतो. आणि तात्पुरत्या फोल्डरात काय शिल्लक ठेवायचे हे विंडोज ठरवते, वापरणारा नाही. केलेले काम हरवते ते तिथे.

उपाय संगणकातच असतो. झिप फाइलवर राइट क्लिक केले, की जी यादी येते तिच्यात 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' असे कलम दिसते. ते निवडल्यावर कुठे काढायचे ते विंडोज विचारते, आणि तळाचे बटण दाबल्यावर सगळा ऐवज आपापल्या फोल्डरांसह बाहेर येतो. इथून पुढे त्या नव्या फोल्डरातच काम करायचे. झिपच्या चिन्हावर साखळीची, म्हणजे पॅंटच्या चेनची, खूण असते. साध्या फोल्डरावर ती नसते. नाव दोघांचे एकच असल्यामुळे घोटाळा होतो, तो या खुणेकडे पाहिले की टळतो. काही संगणकांवर 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' दिसतच नाही. तिथे पूर्वी कुणीतरी बसवलेल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने झिप फाइलींचा ताबा घेतलेला असतो. राइट क्लिक करून 'ओपन विथ'मध्ये 'विंडोज एक्स्प्लोरर' निवडले, की मूळ सोय परत मिळते.

ही सोय नवी नाही. मायक्रोसॉफ्टमधले अभियंते डेव्ह प्लमर यांनी फावल्या वेळात घरी लिहिलेला झिप उघडण्याचा प्रोग्रॅम कंपनीने विकत घेतला. तो आधी 'प्लस ९८' या जोडसंचात, नंतर २००० च्या विंडोज एमईमध्ये आणि २००१ च्या विंडोज एक्सपीत आला. म्हणजे आज साताऱ्यातल्या एखाद्या शाळेत सगळ्यात जुना म्हणून कोपऱ्यात ठेवलेल्या संगणकातही तो बहुधा असणारच. मॅकवर तर झिपवर दोनदा क्लिक केले, की तिच्या शेजारीच फोल्डर तयार होतो. उबुंटूत राइट क्लिक करून 'एक्स्ट्रॅक्ट हिअर' म्हणायचे. आयफोनच्या 'फाइल्स' ॲपला २०१९ पासून झिप उघडता येते, आणि अँड्रॉइडवर गूगलचे फाइल्स ॲप तेच काम करते. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत.

पण मुळात फाइली अशा दाबून का पाठवतात? एक कारण सोपे आहे: पन्नास फाइलींऐवजी एकच पाठवावी लागते. दुसरे कारण जास्त गमतीचे आहे, आणि ते समजून घ्यायला सातारा जिल्ह्यातल्या वाईला जायला हवे.

वाईत मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्याचे कुठलेही पान उघडले, की 'इ. स. पू.' आणि 'सु.' अशी संक्षिप्त रूपे पावलोपावली भेटतात. ती हजारो वेळा येतात, म्हणून पूर्ण लिहिली तर पानेच्या पाने वाढतील. वाचणाऱ्याचे मात्र काहीच हरवत नाही, कारण 'सु.' म्हणजे 'सुमारे' हे त्याला ठाऊक असते. झिप हेच करते, फक्त अक्षरशः प्रत्येक पुनरावृत्तीबाबत, आणि माणसाच्या मदतीशिवाय.

समजा, सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल आहे. त्यात 'सहकारी साखर कारखाना' हे शब्द शेकडो वेळा येणार. मात्रा आणि मधल्या मोकळ्या जागा धरून ही १९ चिन्हे होतात. संगणकात सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे एवढ्या तीन शब्दांना ५३ बाइट लागतात. झिप हे शब्द एकदाच पूर्ण लिहिते. पुढच्या वेळी त्यांच्या जागी फक्त एक सूचना ठेवते: इतके बाइट मागे जा आणि तिथून ५३ उचल. ही सूचना दोन-तीन बाइटांत मावते. ही युक्ती अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह या दोन इस्रायली संशोधकांनी १९७७ मध्ये मांडली. तिला डेव्हिड हफमन यांच्या १९५२ मधल्या कल्पनेची जोड मिळाली: जे चिन्ह वारंवार येते त्याला छोटा संकेत द्यायचा, क्वचित येणाऱ्याला मोठा. झिप साधारण ३२ किलोबाइट मागेपर्यंतच शोधते, तरी तेवढ्यात भरपूर सापडते.

मराठीला याचा इंग्रजीपेक्षा जास्त लाभ होतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी एकच असतो आणि दुसरा दोनच पर्यायांपैकी एक. इतकी पुनरावृत्ती आयती हाती लागल्यावर साधा मराठी मजकूर चांगलाच आकसतो. उलट मोबाइलवर काढलेले फोटो, व्हिडिओ आणि बहुतेक पीडीएफ आधीच दाबलेले असतात. कास पठारावरच्या फुलांचे शंभर फोटो झिप केले, तर जागा जवळजवळ तेवढीच लागते. एकत्र पाठवण्याची सोय होते, एवढेच.

झिपचा जन्म अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला. फिल कॅट्झ नावाच्या तरुण प्रोग्रॅमरने आधी 'आर्क' या प्रचलित पद्धतीशी जुळणारा, पण जास्त वेगवान प्रोग्रॅम लिहिला. आर्कच्या मालक कंपनीने १९८८ मध्ये त्याला कोर्टात खेचले. तडजोडीनंतर त्याने स्वतःची नवी रचना तयार केली, १९८९ मध्ये ती बाजारात आणली आणि तिचा सगळा तपशील जगाला खुला केला. कुणीही ती वाचावी, कुणीही तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहावा. मोफत साधने आज प्रत्येक संगणकात आहेत ती या उदारपणामुळे, आणि त्याचे श्रेय कॅट्झला मिळायला हवे तितके मिळालेले नाही. तो एप्रिल २००० मध्ये अवघ्या ३७ व्या वर्षी गेला. जगातल्या जवळपास प्रत्येक झिप फाइलचे पहिले दोन बाइट आजही त्याच्या नावाची आद्याक्षरे असतात, पी आणि के.

कॅट्झच्या काळात फाइलींची नावे रोमन अक्षरांतच असत. त्यामुळे मराठी नावांची बराच काळ परवड झाली. एक्सपीपासून विंडोज ७ पर्यंत फाइलीला 'सातबारा उतारा' असे देवनागरी नाव दिले आणि ती झिप करायला घेतली, तर 'या नावातली अक्षरे दाबलेल्या फोल्डरात चालत नाहीत' अशा अर्थाचा नकार येत असे. अनेक कार्यालयांत फाइलींना रोमन लिपीतून मराठी नावे देण्याची सवय पडली, ती अजून सुटलेली नाही. झिपच्या रचनेत यूटीएफ-८ नावांची अधिकृत तरतूद २००६ मध्ये झाली, आणि विंडोजच्या पुढच्या आवृत्त्यांनी ती स्वीकारली. आता देवनागरी नावे बिनदिक्कत द्यावीत.

तरीही कधी कधी मॅकवर बनवलेली झिप विंडोजवर उघडली, की नावांच्या जागी गिचमीड दिसते, आणि तिच्यात ग्रीक अल्फा आणि डोक्यावर लहर असलेला स्पॅनिश 'एन' पुन्हा पुन्हा येतात. हा व्हायरस नाही. देवनागरीचे ते ठरलेले पहिले दोन बाइट विंडोजने जुन्या अमेरिकन अक्षरतक्त्यातून वाचले, म्हणून तसे दिसतात. आतला मजकूर शाबूत असतो. नाव बदलले की झाले. मॅकवरून आलेल्या झिपमध्ये 'मॅकओएसएक्स' नावाचा एक जास्तीचा फोल्डरही असतो. तो विंडोजवाल्यांच्या कामाचा नाही, खुशाल काढून टाकावा.

मराठी नावांची आणखी एक अडचण आहे, ती लांबीची. ड्राइव्हपासून फाइलीपर्यंतचा सगळा पत्ता साधारण २६० चिन्हांत बसावा, अशी विंडोजची जुनी मर्यादा आहे. 'महाबळेश्वर' डोळ्यांना सहा अक्षरांचे वाटते, पण काना, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजल्यावर संगणकाला ते दहा चिन्हांचे असते. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष, विषय अशी फोल्डरात फोल्डरांची उतरंड लावली, की मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही, आणि एक्स्ट्रॅक्ट करताना 'पत्ता फार लांब आहे' म्हणून काम थांबते. अशा वेळी झिप डाउनलोड्समध्ये न सोडवता थेट डी ड्राइव्हवर 'काम' नावाचा फोल्डर करून त्यात सोडवावी. विंडोज आपण होऊन झिपच्याच नावाचा आणखी एक फोल्डर पत्त्याला जोडते, तोही तिथेच खोडता येतो.

पाटण, जावळी, जत, आटपाडी या भागांत मोबाइलची रेंज जाते-येते. तिथे वेगळाच अनुभव येतो: फाइल आली, नाव बरोबर, आकारही जवळपास तेवढाच, पण उघडताना 'झिप अवैध आहे' असे उत्तर. याचे कारण रचनेत आहे. झिपची अनुक्रमणिका फाइलीच्या अगदी शेवटी असते. डाउनलोड शेवटच्या टप्प्यात तुटले, तर नेमकी तीच येत नाही, आणि आत काय कुठे आहे हे विंडोजला कळत नाही. पोर्टलवर दिलेल्या आकाराशी आपल्या फाइलीचा आकार ताडून पाहावा. कमी भरला तर पुन्हा डाउनलोड करण्याला पर्याय नाही. आणि एकेका फाइलीपुरता हिशेबाचा ताळाही झिपमध्ये नोंदलेला असतो. बाहेर काढताना तो जुळला नाही, तर संगणक तसे सांगतो. म्हणून फाइल पूर्ण आली आहे का, याची खात्रीची परीक्षा म्हणजे ती पूर्ण सोडवून पाहणे.

कुलूपबंद झिपही आता घरोघर पोचल्या आहेत. आयकर खात्याचे २६एएस विवरण मजकुराच्या स्वरूपात घेतले, की झिप येते आणि तिचा पासवर्ड असतो आपली जन्मतारीख: दिवस, महिना, वर्ष, मध्ये रेघा किंवा टिंबे न देता. आधारच्या कागदविरहित ऑफलाइन ई-केवायसीची फाइलही झिप असते. तिचा चार चिन्हांचा 'शेअर कोड' डाउनलोड करताना आपणच ठरवलेला असतो, त्यामुळे तो तिथल्या तिथे लिहून ठेवावा. पासवर्ड बरोबर असूनही विंडोज नकार देते, असेही घडते. झिपला दोन प्रकारची कुलुपे असतात, एक जुने आणि एक एईएस नावाचे मजबूत. विंडोजचे अंगभूत साधन जुन्यालाच किल्ली लावू शकत आले आहे. मजबूत कुलपासाठी बाहेरचे सॉफ्टवेअर लागते, आणि त्यासाठी इगोर पाव्हलोव्ह यांचे १९९९ पासून मोफत मिळणारे सेव्हन-झिप पुरेसे आहे. ते मात्र त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे.

पासवर्ड लावला म्हणजे सगळे झाकले, असे समजू नये. साध्या झिपला कुलूप असले, तरी आतल्या फाइलींची नावे उघडी दिसतात. मिरजेसारख्या गावात याला फार अर्थ आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले तेव्हापासून मिरजेला दूरदूरचे रुग्ण येतात, कर्नाटकातलेसुद्धा. आज एमआरआय आणि सीटी स्कॅनच्या प्रतिमा झिप करून नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरतात. फाइलीच्या नावातच रुग्णाचे नाव आणि आजार लिहिला असेल, तर पासवर्ड असूनही तो सगळ्यांनी वाचलेला असतो. नावात फक्त क्रमांक ठेवावा. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवताना त्यातली एखादीच प्रतिमा उचलू नये. एका तपासणीच्या शेकडो छोट्या फाइली आणि त्यांची सूची मिळून एक संच होतो, आणि पाहण्याच्या प्रोग्रॅमला तो पूर्ण, बाहेर काढलेला फोल्डर लागतो.

झिपची भावंडे म्हणजे रार आणि सेव्हन-झेड. रार ही युजीन रोशाल या रशियन प्रोग्रॅमरची १९९३ ची रचना. तिच्यासाठी वर्षानुवर्षे विनरार बसवावे लागे, आणि चाळीस दिवसांची चाचणी मुदत संपल्यावरही ते चालत राहते हे सगळ्या सायबर कॅफेंना माहीत होते. एकदा बसवले, की ते नवे करण्याचे मात्र कुणाच्या ध्यानात राहत नसे. २०२३ मध्ये त्यातली एक गंभीर फट उघड झाली: दाबलेल्या फाइलीतल्या निरुपद्रवी दिसणाऱ्या चित्रावर क्लिक करताच लपवलेला प्रोग्रॅम चालू लागे. ऑनलाइन सट्टा-व्यवहार करणाऱ्यांना तिचा वापर करून लुटण्याचे प्रयत्न झाले. त्या ऑगस्टमध्ये दुरुस्त आवृत्ती आली, पण जुनी आवृत्ती बसवलेल्या संगणकांवर ती आपोआप पोचली नाही. २०२३ च्या अखेरीस विंडोज ११ ने रार, सेव्हन-झेड आणि टार उघडण्याची सोय स्वतःतच आणली. तेव्हापासून विंडोज ११ वापरणाऱ्या सामान्य माणसाला, पासवर्डवाल्या फाइली सोडल्या, तर वेगळे सॉफ्टवेअर ठेवण्याचे कारण उरलेले नाही. विंडोज १० ला ही सोय मिळाली नाही.

अनोळखी झिप आली, तर ती सोडवण्याआधी आत काय आहे ते नुसते पाहावे. विंडोजच्या 'व्ह्यू' यादीत फाइलीच्या नावाचे शेपूट दाखवण्याचा पर्याय चालू केला, की 'लग्नपत्रिका' या नावामागे 'ईएक्सई' लपले आहे का ते कळते. पत्रिका कधीच ईएक्सई नसते. हाच नियम व्हॉट्सॲपवर चलनाच्या किंवा सरकारी योजनेच्या नावाने येणाऱ्या एपीके फाइलींना. एपीके हीसुद्धा आतून झिपच असते, पण ती मोबाइलमध्ये शिरण्यासाठी बनवलेली असते.

आतून झिप असलेल्या फाइली इतरही आहेत, आणि त्यांचा उपयोग छान होतो. २००७ पासूनची वर्डची डॉकएक्स फाइल ही झिपच आहे. तालुक्याचे वार्ताहर बातमी आणि फोटो एकाच वर्ड फाइलीत चिकटवून जिल्ह्याच्या दैनिकाला पाठवतात, आणि तिथला उपसंपादक पडद्याचा स्क्रीनशॉट काढून फोटो वाचवत बसतो. त्याऐवजी त्या फाइलीची प्रत काढून नावाचे शेपूट 'झिप' असे बदलावे आणि एक्स्ट्रॅक्ट करावी. 'वर्ड' फोल्डरातल्या 'मीडिया' फोल्डरात सगळे फोटो, वर्डने साठवले तेवढ्या आकारात, ओळीने मिळतात. वासोटा किंवा सज्जनगडाच्या वाटेचे जे नकाशे गिर्यारोहक एकमेकांना केएमझेड फाइलीतून पाठवतात, तेही झिपच.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. दुकाने, दवाखाने, ग्रंथालये पाण्याखाली गेली आणि कागदांबरोबर तळमजल्यांवरचे संगणकही भिजले. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा शहरात शिरले. तेव्हापासून अनेक पेढ्या वर्षाचे हिशेब झिप करून ड्राइव्हवर किंवा नातेवाइकाच्या गावी पेन ड्राइव्हवर ठेवतात. हजारो छोट्या बिलांची एक फाइल झाली, की ती लवकर चढते आणि ताळ्यामुळे तपासताही येते. धोका एवढाच, की एकाच मोठ्या झिपचा काही भाग बिघडला तर बरेच काही एकदम अडकते. त्यामुळे वर्षाची एकच झिप न करता दर तिमाहीची वेगळी करावी, फोटो झिप न करता तसेच ठेवावेत, आणि प्रत ठेवल्यावर ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर एकदा पूर्ण सोडवून त्यातली दोन-चार बिले उघडून पाहावीत. मे महिन्यात, पावसाआधी, याला अर्धा तास पुरतो.